आईचं देवाशी भांडण

आमच्या घरात दोन भाषा होत्या, अण्णांची आणि आईची. अण्णा म्हणजे माझे वडील. ते मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांच्या तोंडून मोडलेला शब्द मी कधी ऐकला नाही. आई मलकापूरकडच्या एका वाडीतली. ती 'हाय' म्हणायची, 'न्हाई' म्हणायची, 'गेलते' आणि 'आलते' म्हणायची, आणि तिचा आवाज असा होता की बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली की फाटकापाशी उभा असलेला टांग्याचा घोडा कान टवकारायचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं अण्णांनी तिची भाषा सुधारून बघितली, असं ती हसत सांगायची. मग त्यांनी तिचा नाद सोडला आणि आमच्या मागं लागले. माझा भाऊ सामू आणि मी, आम्ही अण्णांसमोर 'आहे' म्हणायचो आणि आईसमोर 'हाय'. दोन्ही भाषांत सारखंच पोट भरायचं.

मुलींचं बोर्डिंग, त्याच्या मागं आईचं स्वयंपाकघर, त्याला चिकटून आमच्या दोन कौलारू खोल्या आणि चिंचेच्या झाडापलीकडं चर्च. एवढ्या आवारात माझं सगळं लहानपण गेलं. आई चाळीस मुलींचा स्वयंपाक करायची. पहाटे तिच्या जात्याची घरघर, त्यावर तिच्या ओव्या, उजाडलं की परातीत भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग गिरणीचा भोंगा, आणि शाहूपुरीच्या बाजूनं हळूहळू सुरू होणारी कारखान्यांची ठकठक. आईच्या ओव्या माहेरून आलेल्या होत्या. चाल तीच, फक्त आत येशूचं नाव, सामूचं आणि माझं नाव. अण्णांचंही नाव असायचं, पण ते ती फार हळू म्हणायची. चर्चमधल्या काही जणांना त्या ओव्या बऱ्या वाटत नसत. पेटीवर म्हणायची गाणी असताना हे जात्यावरचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, पेटी काय दळाण दळून देती व्हय.

रविवारी उपासनेनंतर मटण व्हायचं. आई कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटायची आणि तांबड्या रश्शावर असा तवंग यायचा की त्यात तोंड दिसावं. सामू दोन्ही हातांनी भाकरी मोडायचा आणि रस्सा वाटीला तोंड लावून प्यायचा. अण्णा त्याच्याकडं बघून मान हलवायचे आणि आई त्याची वाटी पुन्हा भरायची. आता माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात सगळी यंत्रं आहेत, रस्साही चांगला होतो, पण कुणी वाटीला तोंड लावून पीत नाही. मी एकदा प्यायले तर नातवानं माझ्याकडं नवलानं बघितलं.

सामूचं पूर्ण नाव सामुवेल. आईची आधी दोन मुलं गेली होती, एक जन्मतःच आणि एक अकराव्या महिन्यात. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एका बाईनं देवाकडं रडून रडून मुलगा मागून घेतला होता आणि त्याचं नाव हे ठेवलं होतं. आईनंही बोर्डिंगच्या धान्याच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमधे गुडघे टेकून तसाच मुलगा मागितला. सामू झाला. त्याच्या पाठीवर सहा वर्षांनी मी झाले. मला कुणी मागितलं नव्हतं, मी आपली आपण आले, असं सामू मला चिडवायचा. तो शाहूपुरीतल्या एका कारखान्यात लेथवर काम शिकून पक्का कारागीर झाला होता. एकोणीस वर्षांचा. अंगाला ऑइलचा वास, शर्टाच्या खिशात लोखंडाचे वळलेले चकाकते कीस, ते तो माझ्यासाठी आणायचा आणि मी काचेच्या बरणीत भरून ठेवायची.

सुटीच्या दिवशी तो सायकलनं उचगावला हुतुतू खेळायला जायचा. एके दिवशी तिथल्या मैदानात त्याच्या टाचेत घोड्याच्या नालेचा खिळा घुसला. त्यानं तो उपसून काढला, डाव पुरा खेळला आणि लंगडत घरी आला. आईनं कढत तेलात हळद घालून जखमेवर बांधली. दोन दिवसांत जखम सुकल्यासारखी झाली. आठवडा उलटला आणि एका सकाळी सामू म्हणाला, आज दाढ धरलीय, भाकरी मोडून दूध घालून दे. दुपारी त्याला दुधातली भाकरीही जाईना. तोंड उघडत नव्हतं. तरी तो हसत होता, आणि आज म्हातारपणीही सांगते, त्या हसण्यात काहीतरी बरोबर नव्हतं. ओठ मागं ओढले गेले होते. अण्णांनी टांगा आणला.

धनुर्वात होता. दवाखान्यात त्याला एका खोलीत ठेवलं, खिडक्यांना काळे पडदे लावले, आणि डॉक्टरांनी आईला सांगितलं की इथं आवाज नको. भांडं पडलं, दार वाजलं, कुणी मोठ्यानं बोललं, तरी त्याला झटका येईल. आई चार दिवस त्या खोलीत बसून होती. आमच्या आवारातला सगळ्यात मोठा आवाज, आणि ती चार दिवसांत एक शब्द बोलली नाही. पायातली जोडवीसुद्धा तिनं काढून अण्णांकडं दिली. मला दारातून एकदाच बघू दिलं. सामू पाठीतून वाकला होता, टाचा आणि डोकं तेवढं गादीला लागलेलं, आणि आई शेजारी बसून त्याच्याकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी, मुलींच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या सुमाराला, सामू गेला.

घरी आणल्यावर आईनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. मी तसा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. तिच्या वाडीत माणूस गेलं की बाया त्याचं नाव घेऊन, त्याचं एकेक सांगत रडतात, त्यातला तो पहिला सूर होता. तेवढ्यात थॉमसकाका पुढं आले. थॉमसकाका म्हणजे चर्चच्या पंचमंडळीतले सर्वांत वडील. दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले, कायम पांढरा इस्त्रीचा सदरा, बोलणं अण्णांच्याही वरताण शुद्ध. ते आईला वाईट हेतूनं बोलले असं मला आज वाटत नाही. ते म्हणाले की सगुणाबाई, भिंतीपलीकडून सारा गाव बघतो आहे. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. आपलं दुःख आशा नसलेल्यांसारखं दिसता कामा नये. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णांनी मान खाली घातली. अण्णा पंचमंडळीपुढं नेहमीच मान खाली घालायचे. शाळा मिशनची, बोर्डिंग मिशनचं, खोल्या मिशनच्या. आईनं पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला. पेटीवर स्वर्गातल्या आनंदाचं गाणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. चाळीस मुलींच्या भाकऱ्या झाल्या, आमटी झाली. पण जातं मुकं चालायला लागलं. ती बोलायची ती कामापुरतं, तेही इतक्या हळू की मुलींना दोनदा विचारावं लागे. आमटीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा पडलेलं असायचं, आणि एकाही मुलीनं कधी तक्रार केली नाही. भेटायला येणारी माणसं समजूत घालून जायची. देवाची इच्छा, तो चांगल्या माणसांना लवकर नेतो, एक मुलगी तर आहे ना. हे शेवटचं बोलताना ते माझ्याकडं बघायचे आणि मला कुठं तोंड लपवावं कळायचं नाही. हल्ली लोक मोबाईलवर हात जोडलेलं चित्र पाठवतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा, पण विचार केला की निदान ते चित्र बोलत तरी नाही.

एकच बाई काही बोलायची नाही. हमीदाबी. तिचा नवरा बोर्डिंगच्या भांड्यांना कल्हई करायचा, त्यामुळं आईची आणि तिची जुनी ओळख. ती रोज दुपारी यायची, आईच्या शेजारी भुईवर बसायची आणि लसूण सोलायला घ्यायची. जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवायची. अण्णा एकदा मला म्हणाले की शास्त्रात सगळं गमावून राखेत बसलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. त्याचे मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. हे सांगून अण्णा बराच वेळ हमीदाबी गेली त्या दिशेला बघत राहिले. मला वाटतं, त्यांच्या मनात काहीतरी तेव्हा सुरू झालं.

सुगीनंतर चर्चमधे उपकारस्तुतीची उपासना असायची. वर्षातली सगळ्यात आनंदाची. लोक शेतातलं, परसातलं जे काही असेल ते घेऊन यायचे. ज्वारीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, कोंबड्या, नव्या गुळाची ढेप. वेदीपुढं सगळं मांडायचे आणि मग एकेकानं उभं राहून, या वर्षी देवानं काय दिलं ते सांगायचं आणि उपकार मानायचे. कुणाला नातू झाला होता, कुणाची म्हैस व्याली होती, कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला होता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मी आईजवळ बसले होते. तिनं पितळी ताटात पाच भाकऱ्या आणल्या होत्या. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नुकतेच आलेले, तरुण, कुणाला बोलवावं आणि कुणाला नाही हे त्यांना अजून कळत नव्हतं. थॉमसकाकाच नावं घेत होते. त्यांनी आईचं नाव घेतलं. म्हणाले, सगुणाबाई, परमेश्वरानं धीर दिला त्याबद्दल तुम्हीही दोन शब्द बोला.

आई उठली. ताट तिनं खाली ठेवलं नाही, हातातच धरलं. ती लोकांकडं वळली नाही. वेदीकडंही बघत नव्हती. छताच्या खाली उंचावर एक गोल खिडकी होती, तिकडं बघून ती बोलायला लागली, आणि इतक्या महिन्यांनी तिचा खरा आवाज त्या इमारतीत घुमला. तिचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"देवा, समदी आज तू दिल्यालं सांगाय लागल्यात. मी न्हेल्यालं सांगते. दोन लेकरं तू आदीच न्हेलीस, मी कायबी बोलले न्हाई. तिसरा मागून घेतला. मागितला तवा दिलास. एकोनीस वर्सं ह्या हातानं त्याला भाकरी घातली, आन् न्हेताना तू मला एका शब्दानं इचारलं न्हाईस. चार दिवस त्यो कमानीगत वाकत व्हता. डाक्टर म्हनला आवाज करू नका. मी त्याला सामू म्हनूनसुदिक हाक मारली न्हाई. मनातल्या मनात तुला हाका मारल्या. तू कुठं गेलतास? ऐकल्यास का न्हाईस, येवढंच सांग. मग समदी म्हनली रडू नगा. मी रडले न्हाई. आता मी गप बसनार न्हाई. मला दुसरा देव न्हाई, मी दुसऱ्या कुनाच्या दारात जाऊन इचारनार न्हाई. तुलाच इचारनार. तू सांगंपतोर इचारनार."

मग तिनं ताट वेदीपुढं ठेवलं, भाकऱ्यांवरचं फडकं नीट केलं आणि येऊन माझ्या शेजारी बसली. ती रडत होती. तोंड न झाकता, आवाज न दाबता रडत होती. पाळकसाहेब पुस्तक हातात धरून तसेच उभे होते. थॉमसकाकांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं, पण बायकांच्या बाजूनं फारसं कुणी गाईना. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मला लाज वाटली का, असं माझ्या मुलीनं मला एकदा विचारलं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी वाटली. सगळे बघत होते. मग आईचा हात माझ्या मांडीवर पडला, ऊन ऊन, आणि ती लाज जी गेली ती पुन्हा आली नाही.

बुधवारी संध्याकाळी पंचमंडळी आमच्या घरी आली. थॉमसकाका, आणखी दोघे आणि पाळकसाहेब. अण्णांनी शाळेतल्या खुर्च्या आणून पडवीत मांडल्या होत्या. थॉमसकाका शांतपणे बोलले. त्यांचं म्हणणं असं की भर उपासनेत देवाविरुद्ध कुरकुर झाली आहे. बोर्डिंगच्या मुली तिथं होत्या, त्यांच्यापुढं हे उदाहरण बरं नाही. येत्या प्रभुभोजनाआधी, म्हणजे मंडळी प्रभूच्या आठवणीत मिळून भाकर घेते त्याआधी, सगुणाबाईंनी मंडळीपुढं उभं राहून एवढंच म्हणावं की दुःखाच्या भरात चुकून बोलले. तसं नसेल तर त्यांनी प्रभूच्या मेजाला येऊ नये, आणि मग बोर्डिंगच्या कामाचाही विचार करावा लागेल. हे शेवटचं ते फार हळू म्हणाले. दोन खोल्या, आईचं काम, कदाचित अण्णांचंही, सगळं त्या एका वाक्यात होतं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते आणि अण्णांची मान खाली जाताना बघत होते.

आई चहाचे पेले घेऊन बाहेर आली होती. तिनं सगळ्यांना चहा दिला, मग पदराला हात पुसले. म्हणाली, "काका, मी चुकून बोलले न्हाई. चुकून बोलले म्हनलं तर ते खोटं व्हईल. प्रभूच्या मेजावर खोटं तोंड घिऊन कशी येऊ मी?"

मग अण्णा बोलले. त्यांनी मान वर केली नव्हती, पण ते बोलले. "काका, आपण कुरकुर म्हणालात. कुरकुर पाठीमागं करतात. ही तोंडावर बोलली. देवाबद्दल कुणाजवळ बोलली नाही, देवाशी बोलली. घरात इतके महिने मी तिच्याशी बोललो नाही, तिनं माझ्याशी बोलणं सोडलं, पण त्याच्याशी सोडलं नाही. याला अविश्वास कसं म्हणायचं, मला कळत नाही." मग ते एवढंच म्हणाले की येत्या रविवारी शास्त्र वाचायची पाळी त्यांची आहे. तेवढं वाचन मंडळीनं ऐकावं आणि मग काय ते ठरवावं. थॉमसकाकांच्या तोंडावर नापसंती होती, पण पाळकसाहेब पटकन म्हणाले की ठीक आहे, वाचन ऐकू. मला वाटतं, त्या तरुण माणसाला कुणीतरी असं काही मागावं हेच हवं होतं.

त्या आठवड्यात अण्णा शाळेतून आले की शास्त्र उघडून बसायचे. स्तोत्रं चाळायचे, कागदाच्या पट्ट्या घालायचे. मधूनच आईला म्हणायचे, सगुणा, हे ऐक. आणि आई चुलीपुढून ऐकायची. त्यांना आश्चर्य वाटत होतं, जन्मभर वाचलेलं पुस्तक पहिल्यांदा वाचत असल्यासारखं. ते मला म्हणाले की बघ रूथ, यातली निम्मी गाणी आनंदाची नाहीतच. ही रडण्याची आहेत. भांडणाची आहेत. देवाला झोपलास का विचारणारी आहेत. आपण ही गाण्याच्या वहीत घेतलीच नाहीत. शनिवारी त्यांनी मला पट्ट्या दाखवल्या आणि सांगितलं की वाचन तू करायचंस. मी घाबरले. तुम्ही का नाही, असं विचारलं. ते म्हणाले, मला दुसरीकडं बसायचं आहे.

रविवारी ते कळलं. चर्चमधे शिरल्यावर अण्णा पुरुषांच्या बाजूला गेले नाहीत. सरळ बायकांमधून चालत गेले आणि आईच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. आमच्या चर्चमधे तसं कधी कुणी केलेलं नव्हतं. बायकांनी पदर सावरले आणि त्यांना जागा करून दिली. आई समोर बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

मी उभी राहिले. अण्णांनी शिकवलेली भाषा तोंडात होती आणि आईचा आवाज गळ्यात होता. आधी मी ते स्तोत्र वाचलं ज्यात देवाला विचारलंय की तू किती दिवस तोंड लपवणार. मग उद्ध्वस्त झालेल्या नगरीसाठी केलेला शोक. मग ते एक स्तोत्र, ज्याचा शेवट गोड होत नाही. बाकीची रडून रडून शेवटी स्तुतीकडं वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. अण्णांनी सांगितलं होतं की हे वाचून झालं की दहा आकडे मोजायचे आणि मगच पुढं जायचं. मी मोजले. शेवटी क्रुसावरून खुद्द प्रभूनं मोठ्यानं ओरडून बापाला विचारलेला तो प्रश्न, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. तेवढी एकच ओळ. पुढचं वाचू नकोस, उत्तर तिथं लिहिलेलं नाही, असं अण्णा म्हणाले होते. मी ती ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसले.

पाळकसाहेबांच्या हातात प्रवचनाचे कागद होते. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले. ते म्हणाले की आज मी बोलत नाही, ज्याला देवाशी काही बोलायचं असेल त्यानं बोलावं, जसं येईल तसं. मग बायकांच्या बाजूला कुणाचा तरी हुंदका फुटला, मग दुसरा, मग पुरुषांतही कुणी नाक ओढलं. किती घरांत काय काय गाडून ठेवलेलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब भाकर घेऊन सगळ्यांत आधी सतरंजीपाशी आले आणि आईपुढं वाकले. थॉमसकाकांनी त्या दिवशी भाकर घेतली नाही. ते ताठ बसून राहिले आणि उपासना संपताच निघून गेले. आईच्या कामाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आईला उत्तर मिळालं का? मी तिला एकदा, फार वर्षांनी, विचारलं होतं. ती म्हणाली, न्हाई मिळालं. पर कुनीतरी ऐकतंय येवढं कळतं. त्या रविवारनंतर काही दिवसांनी पहाटे मला जाग आली ती ओवीनं. जात्याची घरघर आणि आईचा आवाज. त्यात सामूचं नाव होतं, पूर्वी असायचं तसंच, आणि ते आलं की आवाज थोडा तुटायचा आणि पुन्हा लागायचा. अण्णा जागे होते. ते उठून बसले आणि ऐकत राहिले. आमच्या भाषेतल्या चुका त्यांनी पुढंही काढल्या, शाळामास्तरच ते, पण आईच्या बोलण्याला कुणी हसलेलं त्यांना खपायचं नाही. एका पाहुण्यांना ते म्हणाले की ही देवाशी याच भाषेत बोलते, आणि त्याला समजते.

दोन वर्षांनी थॉमसकाकांची बायको वारली. तोवर ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आम्ही मयताला जाणारच होतो, पण त्याआधीच त्यांच्याकडून निरोप आला की सगुणाबाईंना लवकर या म्हणावं. आई हातातलं पीठ तसंच झटकून निघाली आणि मी तिच्यामागं. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. तोच पांढरा सदरा, पण गुंड्या चुकीच्या लागलेल्या. आत बायका जमल्या होत्या. बाहेर माणसं त्यांच्याकडं बघत उभी होती, कारण सकाळपासून ते रडले नव्हते, बोलले नव्हते, पाण्यालाही शिवले नव्हते. आईला बघून ते म्हणाले, "सगुणाबाई, मला ते येत नाही. माझ्या वतीनं तुम्ही बोला त्याच्याशी."

आईला वाटलं असतं तर तिला त्या क्षणी खूप काही बोलता आलं असतं. मी तिच्याकडं बघत होते आणि, आता लिहायला हरकत नाही, तिनं ते बोलावं असं मला वाटत होतं. ती खाली बसली, त्यांच्या खुर्चीच्या पायाशी, भुईवर. म्हणाली, "काका, माजं भांडान मी केलं. तुमचं तुमीच करायला पायजे. मी हाय हितं."

मग थॉमसकाकांचा हात खुर्चीच्या दांडीवरून घसरला आणि त्यांनी वर बघितलं. ते बोलायला लागले आणि पहिल्याच शब्दाला त्यांची सगळी शुद्ध भाषा गळून पडली. तेही कुठल्यातरी खेड्यातलेच, आईसारखेच, आणि आम्हाला कुणाला ते माहीत नव्हतं.

"आरं देवा," ते म्हणाले, "आता सकाळी उठून मी कुनाशी बोलू रं?"

आणि आई त्यांच्या पायाशी बसून, डोळे पुसत, एखाद्या मुलाला धडा म्हणायला धीर द्यावा तशी मान हलवत होती आणि म्हणत होती, "व्हय काका. इचारा. इचारा त्याला."